टोपण न काढलेली सुई

दूध तापवून ठेवलं की साय वर धरते. आमच्याकडे ती तळाशी धरायची, एवढाच काय तो फरक. माणसाच्या रक्तातला पिवळसर द्रव वेगळा काढायचा, कोरड्या बर्फात घालून दगडासारखा गोठवायचा आणि मग फ्रिजमध्ये टांगून सावकाश, अगदी आळशासारखा वितळू द्यायचा. सकाळी पिशवीच्या तळाशी पांढरट गाळ दिसे. वरचं पाणी काढून टाकलं की जो चमचाभर गाळ उरे, तेच आमचं औषध. ज्यांचं रक्त एकदा सुरू झालं की थांबत नाही, त्यांचं रक्त या गाळाने थांबतं. परदेशात ही युक्ती सापडून दहा वर्षंही झाली नव्हती. सुरतेत, एका ट्रस्टच्या इस्पितळाच्या मागच्या खोलीत, आम्ही दोघं ती करून बघत होतो: मी, डॉक्टर रजनी सोनटक्के, आणि तंत्रज्ञ छगनभाई.

खोली कसली, जुनं कोठारच होतं ते. खिडकी बेगमपुऱ्याच्या गल्लीत उघडायची, त्यामुळे दिवसभर मागांची खटखट ऐकू येई. भिंतीला ओल होती. पण फ्रिज नवा होता, आणि एका ट्रस्टींचे नैरोबीचे मेहुणे रक्त घ्यायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पाठवत. त्या काळी बाकी सगळीकडे काचेच्या बाटल्या होत्या, त्यामुळे या पिशव्या आम्ही सोन्यासारख्या जपत असू. त्या जोडीने येत. मोठीला सुई, तिच्यात रक्त घ्यायचं. नळीने तिला जोडलेली छोटी, तिच्यात नंतर पिवळा द्रव सरकवायचा आणि छोटी कापून वेगळी करायची.

हे सगळं मी समाजसेवा म्हणून करते असं ट्रस्टी भाषणात सांगत. मी नम्रपणे मान खाली घालून ऐकत असे. खरं कारण घरी होतं आणि त्याचं नाव चंदू.

चंद्रकांत माझा धाकटा भाऊ. रक्त न गोठण्याचा आजार आमच्या आईच्या माहेरचा. हा आजार बाईच्या पोटातून जातो आणि पुरुषाला धरतो. माझा एक मामा दाढ काढली म्हणून गेला, दुसरा झाडावरून पडून. अमळनेरहून वडिलांची रेल्वेत सुरतेला बदली झाली तेव्हा चंदू रांगत होता, आणि आईने सामानातून विळी आणलीच नाही. आमची भाजी शेजारच्या मीराबाईंकडून चिरून यायची. गुडघ्यांना कापूस बांधून वाढलेला हा मुलगा स्वभावाने मात्र भलताच धीट निघाला. बँकेत चिकटला, आरशात बघून मिशा ठेवल्या. "दाढी करायला मला डॉक्टर लागतो, संस्थानिकांना तरी असं सुख होतं का?" असं म्हणायचा. मी त्याच्यापायी डॉक्टर झाले, रक्ताची डॉक्टर झाले. तो वाचावा यापलीकडे मला दुसरं काही नको होतं, हे मी तेव्हाही उघड सांगत असे.

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीत मला फराळाचा वास सहन होईना. दिवस गेले होते. सासरी आनंदीआनंद. माझे यजमान अशोक कॉलेजात गणित शिकवत, त्यांनी नावांची चर्चा सुरू केली, आणि ती सगळी मुलांचीच. मी मनात मुलगी मागत होते. आईसारखा तो दोष माझ्यातही असेल का, हे सांगणारी तपासणी आमच्याकडे नव्हती. मुलगा झाला की कळणार होतं.

डिसेंबरात, तापीकाठी पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, भाजायला सुरुवात झाली तेव्हा, छगनभाईंनी सकाळी मला सांगितलं की फ्रिजमध्ये एक पिशवी जास्त आहे.

मला हसू आलं. छगनभाई दाणाबाजारातल्या घरातले. त्या लोकांत धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. आमच्या खानदेशातही खळ्यावरची जुनी माणसं असंच मोजत. छगनभाई पिशव्यासुद्धा तशाच मोजायचे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आधी लाभ म्हटलंत आणि वर पुन्हा एक म्हटलंत, मग एक वाढणारच. त्यांचा चेहरा उतरला.

"नानपणथी गणुं छुं, बेन," ते एवढंच म्हणाले, लहानपणापासून मोजत आलोय म्हणून.

मग मी मोजल्या, सरळ एकपासून. एक जास्त होती. बाकी सगळ्यांवर रक्तदात्याच्या गटाची चिठ्ठी होती, हिच्यावर नव्हती. कुणाचा तरी निष्काळजीपणा, म्हणजे अर्थात छगनभाईंचा, असं मी ठरवलं आणि पिशवी फिनेलच्या बादलीत टाकली. नियम तसाच होता, आणि नियम मीच केलेला होता.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मी संध्याकाळी स्वतः पिशव्या टांगू लागले, कुलूप लावून किल्ली पर्समध्ये घालून घरी नेऊ लागले. छगनभाईंना ते लागलं असणार. सकाळी दोघं मिळून दार उघडायचो. पिशवी हजर.

एकदा ती मी टाकण्याआधी नीट पाहिली. बाकीच्या छोट्या पिशव्या मोठीपासून कापलेल्या होत्या. हिला मोठी जोडलेलीच होती, सपाट, कोरी, पाकिटातल्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. तिच्यात रक्ताचा थेंबही कधी गेला नव्हता. टोकाच्या सुईवर कारखान्याचं टोपण होतं आणि त्याचा कागदी पट्टा फाटलेला नव्हता. आणि पलीकडे छोटी पिशवी मात्र भरलेली. रक्त आत यायला सुईशिवाय वाट नाही, आणि सुई उघडलेलीच नाही.  मग मी कपाटातल्या कोऱ्या जोड्या पाहिल्या, तर त्यांतली एक कमी होती.

खोली पुसायला चंपाबाई यायच्या. धुळ्याकडच्या होत्या, नवरा गिरणीत होता. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि लगेच टेबलावर ठेवून दिली.

"ताई, हाई पिशवी कोनी शे?" त्यांनी विचारलं. "हातले ऊन लागस."

मी म्हटलं, तुमचे हात गार पडलेत म्हणून तसं वाटतं. तोवर मला ते जाणवलं नव्हतं. बाकीच्या पिशव्यांत अजून बर्फाचा खडा होता. ही पूर्ण वितळलेली, आणि आपल्या अंगाला असते तितकीच ऊब तिला होती. तळाचा गाळ चमचाभर नव्हता, चांगला अर्धी वाटी होता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. ज्याचं उत्तर मिळत नाही त्याची तपासणी करावी, एवढं मला शिकवलेलं होतं, म्हणून मी तपासणी केली. चंदूचं थोडं रक्त माझ्याकडे तपासण्यासाठी असायचं. काचेच्या नळीत ते पाण्यासारखं डुचमळत राही. त्यात आमच्या नेहमीच्या औषधाचा थेंब टाकला की काही वेळाने ते धरू लागे. त्या दिवशी मी बिनचिठ्ठीच्या पिशवीतला थेंब टाकला आणि नळी तिरकी केली. रक्त हललं नाही. थेंब पडता पडताच ते बसलं होतं.

त्यानंतर मी त्या पिशव्या टाकल्या नाहीत. गाळ काढून बर्फाच्या कपाटात सगळ्यांत मागे ठेवत गेले. छगनभाईंनी पाहिलं. "राखो," इतकंच ते म्हणाले.

चौऱ्याहत्तरचा जानेवारी उजाडला तो दंगलीचा. महागाईवरून विद्यार्थी रस्त्यावर आले होते, सरकार पडायच्या बेतात होतं आणि शहरात संचारबंदी. एरवी आमच्याकडे गिरण्यांमधले, शाळांमधले लोक रक्त द्यायला येत, चलथाणच्या साखर कारखान्यावर आम्ही शिबिर भरवायचो. आता कुणी येईना. होतं नव्हतं ते औषध दोन गोळीबारांतल्या जखमींना आणि एका बाळंतिणीला गेलं. कपाट रिकामं झालं. मागचा कप्पा सोडून.

आणि नेमकं फेब्रुवारीत चंदूच्या पोटात दुखायला लागलं.

संचारबंदीचा पास मिळवून त्याला इस्पितळात आणलं. आधी मला वाटलं, पोटातल्या स्नायूत रक्त साकळलं असेल, अशा रोग्यांत तसं होतं आणि सगळे त्याला अपेंडिक्स समजून फसतात. मी तसंच धरून बसले, कारण मला तसंच हवं होतं. पण ताप चढला, पोट फळीसारखं झालं. सर्जन डॉक्टर वशी यांनी दोन वेळा तपासलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं. अपेंडिक्सच आहे, पू झाला आहे, ते म्हणाले. कापलं नाही तर हा दोन दिवसांत जाईल. कापलं आणि रक्त थांबलं नाही तर आजच जाईल.

आई बाकावर बसली होती.  आपले दोन्ही भाऊ तिने असेच व्हरांड्यात बसून घालवले होते.

मी वशींना सगळं सांगितलं. चिठ्ठी असलेलं औषध जवळजवळ नाही. बिनचिठ्ठीचं आहे. कुणाचं ते माहीत नाही. आजारांच्या तपासण्या मी केल्या आहेत, स्वच्छ आहे. त्यात कुठल्याच गटाच्या रक्ताविरुद्ध काही नाही, म्हणजे एबी गटाच्या माणसाचं असणार, चंदूला चालेल. ते कुठून आलं ते विचारू नका, कारण मला सांगता येणार नाही.

वशी मोठे शिस्तीचे. नावाशिवाय रक्ताची बाटली वॉर्डात आली तर ते नर्सच्या अंगावर जात. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ए तमारो भाई छे, बेन," ते म्हणाले. "तमे कहो."

मी म्हटलं, द्या.

औषध मी स्वतः चढवलं. नळीतून ते जाताना चंदूने डोळे उघडले आणि म्हणाला, "ताई, हे गरम आहे." मी म्हटलं, हो, तुझ्यासाठी मुद्दाम केलंय.

वशींनी सुरी टेकवली.

मी ट्रेपाशी उभी होते. कापसाचे बोळे मीच रचले होते, इतके की नर्स माझ्याकडे बघतच राहिली.

कातडी उघडली. कडांवर लाल रेघ उमटली आणि तिथेच थांबली.

वशींनी वर पाहिलं. मी मान हलवली. ते आत गेले.

 बाहेर माग बंद होते, त्यामुळे घड्याळही ऐकू येत होतं.

पू निघाला, अपेंडिक्स निघालं, टाके पडले. बोळे बहुतेक सगळे पांढरेच राहिले.

चंदू वाचला. मी व्हरांड्यात येऊन आईला सांगितलं आणि दोघीही रडलो, अगदी मोठ्याने, लाज सोडून. मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. कुणी त्या वेळी मला विचारलं असतं की ते औषध यमाच्या घरून आलं का, तर मी म्हटलं असतं, असेना.

पण अशा रोग्याचं संकट ऑपरेशनने संपत नाही. जखम भरेपर्यंत रोज औषध लागतं, आणि मागचा कप्पा लवकरच रिकामा झाला. संचारबंदी चालूच होती. गोठवायला काही नव्हतं. संध्याकाळी मी रिकाम्या फ्रिजला कुलूप घातलं, उगाच, सवयीने.

सकाळी आत एक पिशवी टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. टोपण लावलेली सुई, घडी न मोडलेली मोठी पिशवी आणि ऊबदार छोटी. एकाच पिशवीला मोजायचं काय? तरी छगनभाई दार उघडताना पुटपुटायचे, "लाभ." मी त्यांना पुन्हा कधी हसले नाही.

त्या दिवसांत मला सकाळी उठवत नसे, चेहरा पांढरा पडला होता. आमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई पोट तपासून म्हणाल्या, सगळं ठीक आहे, पण बाळ जरा लहान वाटतंय, खात जा. आईने तूप-गुळाचा मारा सुरू केला. एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला लेकाची कॉट, तिच्या फेऱ्या चालू असत. चंदू तिला म्हणायचा, "तिलाच भरव, मी आता पक्का झालोय."

टाके निघाले आणि त्या दिवशी फ्रिज रिकामा मिळाला. मग रिकामाच राहिला. संचारबंदी उठली, लोक रक्त द्यायला येऊ लागले, आम्ही पुन्हा आमचा चमचाभर गाळ काढू लागलो. संध्याकाळी टांगाव्या तितक्याच पिशव्या सकाळी मिळत. छगनभाईंनी आणि मी त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण बोललो नाही. चंदू उन्हाळ्यात बँकेत रुजू झाला. त्याचा मूळ आजार गेला नव्हता, तसं मी म्हणणार नाही. पण तो होता, समोर बसून आंब्याचा रस ओरपत होता, आणि मला तेवढं पुरे होतं.

जूनमध्ये मी त्याच इस्पितळात बाळंत झाले. मुलगा झाला.

डॉक्टरीणबाईंनी हसत सांगितलं आणि माझं अंग गार पडलं. नाळेचं रक्त छगनभाईंकडे पाठवायला मी आधीच सांगून ठेवलं होतं. ते परत येईपर्यंत मी बाळाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जीव जडला असता. शेवटी छगनभाई दारात आले. त्यांनी हातातली नळी सगळ्यांसमोर उलटी धरली. एक थेंबही खाली पडला नाही. रक्त वेळेत, अगदी चारचौघांसारखं बसलं होतं.

"निरोगी छे," ते म्हणाले.

आईने देवाला नमस्कार केला, अशोक खिडकीकडे तोंड करून डोळे पुसू लागले. चंदू दारातून ओरडला की आता भाच्याला क्रिकेट शिकवणार. तीन पिढ्यांची भीती त्या एका नळीत थिजून बसली होती. मी देवळात जाणारी बाई नाही, पण त्या दिवशी मी हात जोडले.

सगळे चहाला गेले. खोलीत सकाळचं लख्ख ऊन होतं. मी दुपटं सोडलं आणि माझ्या मुलाला पहिल्यांदा नीट पाहिलं. पायाची बोटं पाहिली, कान पाहिले. चण बारीक होती, पण कांती छान. मग त्याचा हात उचलला.

कोपराच्या आतल्या बाजूला, शिरेवर, बारीक खड्डे होते. भरून आलेले, जुने, एकाच्या कडेवर दुसरा पडलेला. वर्षानुवर्षं रक्त देणाऱ्या माणसांच्या हातावर जाड सुईने पडतात, तसे.

मी दुसरा हात पाहिला. तिथेही होते.

त्यांच्यावर मी हळूच बोट टेकवलं.

त्याने हात सरळ केला, माझ्यापुढे धरला, आणि मूठ वळून सोडायला लागला. सावकाश, न सांगता, शीर वर येईपर्यंत.